मागे माणूस आहे का?

शकूमावशींच्या दाराला शाळेची घंटा होती. खरोखरची, वर्ग सुटताना वाजते तसली, लोखंडी वाटीची, विजेवर चालणारी. कुठल्याशा भंगारवाल्याकडून आणून त्यांनी ती दाराच्या वर ठोकून घेतली होती. कोणी बटण दाबलं की जोगेश्वरीच्या आमच्या बिल्डिंगचा अख्खा तिसरा मजला दचकायचा. माझी आई मालवणची. ती हातातलं काम थांबवून दर वेळी म्हणायची, "ही बेल आसा की शाळेची घंटा?" आणि तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत समोरचं दार उघडून मावशी म्हणायच्या, "बोला!"

दूधवाला असो, सोसायटीचा सेक्रेटरी असो की मतं मागायला आलेला उमेदवार, सगळ्यांना एकच "बोला". तिसऱ्यांदा घंटा वाजवायची वेळ त्यांनी कोणावर आणली नाही. गॅसवर काही असलं तर म्हणायच्या, "होल्ड करा हं," आणि आत जायच्या. परत येऊन म्हणायच्या, "हां, जोडलं. बोला." मग आपण बोलावं, तर निम्म्या वेळा उत्तर यायचं, "पुन्हा सांगा, लाइन खराब आहे." दोन हातांवर उभ्या असलेल्या माणसाला हे सांगायच्या! आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचो. याची शरम मला पुढे वाटायची होती, तेव्हा वाटली नाही.

मावशी म्हणजे शकुंतला वानखेडे. वडील बुलढाण्याकडून मुंबईत आलेले. मावशींनी लग्न केलं नाही. अंधेरीच्या एका औषधाच्या कारखान्यात त्या एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होत्या. त्यांच्या बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो, शेजारी वडिलांचा, आणि त्याखाली खिळ्याला अडकवलेला जुना हेडफोन. "साहेब असो की शिपाई, बोर्डावर दिवा सगळ्यांचा सारखाच लागतो," असं त्या म्हणायच्या. त्यांचे नियम दोन. तीन रिंगांच्या आत उचलायचा, आणि आपण आधी ठेवायचा नाही. ज्याने फोन केलाय त्याने ठेवायचा.

मग कारखान्यात यंत्र आलं. विक्रीसाठी एक दाबा, हिशेबासाठी दोन दाबा. मावशींना साडी आणि श्रीफळ देऊन निरोप दिला. त्या घरी आल्या आणि त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर त्याच कारखान्याला फोन लावला. "दहा मिनिटं नुसती दाबत होते रे," त्यांनी मला सांगितलं होतं. "एक दाबला, दोन दाबला, नऊपर्यंत दाबत गेले. मागे माणूसच नाही!"

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण माझ्या धंद्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकणार नाही. मी घरी बसून लोकांच्या वस्तू विकतो. वस्तू म्हणजे हातात धरायची वस्तू नव्हे. ऑनलाइन कोर्स, मोबाइलवर वाचायची पुस्तकं, पत्रिका काढायची सॉफ्टवेअरं, लग्नपत्रिकेचे तयार नमुने, असं सगळं. मला एक लिंक मिळते, ती मी माझ्या वेबसाइटवर टाकतो, त्या लिंकवरून कोणी काही घेतलं की मला कमिशन. बिल्डिंगमध्ये बरीच वर्षं समज होता की नितीनची नोकरी गेलीय आणि आई ते लपवतेय.

एक दिवस मावशींनी मला जिन्यातच पकडलं. "नितीन, तू दिवसभर घरात करतोस काय? खरं सांग."

मी सगळं समजावलं. त्या माझ्या तोंडाकडे अगदी टक लावून बघत होत्या. शेवटी त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे इकडचा माणूस तिकडच्या माणसाला जोडून द्यायचा. अरे, मग एकतीस वर्षं मी दुसरं काय केलं?"

झालं. दुसऱ्या दिवशी त्या वही न आणता भिंतीवरचं कॅलेंडरच काढून घेऊन माझ्याकडे शिकायला आल्या.

मी माझं ज्ञान त्यांच्यापुढे मोकळं केलं. विकायला वस्तू निवडायची कशी, यावर आमच्या धंद्यात रोज कोणी ना कोणी प्रवचन देत असतं. मी म्हटलं, मावशी, आधी कमिशन बघायचं. निम्म्याच्या खाली असेल तर हात लावायचा नाही. एकदा विकून दर महिन्याला पैसे येत राहिले तर सोन्याहून पिवळं. मग बघायचं, बाकीचे किती जण ते विकतायत. कोणीच विकत नसेल तर मेलेलं, सगळेच विकत असतील तर आपल्याला उष्टं. मग विक्रीचं पान वाचायचं. वाचून आपल्याच डोळ्यांत पाणी आलं तर गिऱ्हाईक नक्की अडकणार. घेतलेलं परत किती जण करतात तेही बघायचं.

"आणि वस्तू कशी आहे?" मावशींनी विचारलं.

"ते शेवटी," मी म्हणालो. "वेळ उरला तर."

त्यांनी कॅलेंडरवर काहीच लिहून घेतलं नाही.

मावशींची निवडीची पद्धत त्यांची त्यांनी शोधून काढली. आमच्या धंद्यात ती दुसऱ्या कोणी वापरली असेल असं मला वाटत नाही. त्या प्रत्येक विक्रेत्याला एकच मेल पाठवायच्या. "नमस्कार. मी एकाहत्तर वर्षांची बाई आहे. तुमचा कोर्स घ्यावा म्हणते. मला जमेल का?" पाठवला की कॅलेंडरच्या त्या तारखेवर रिसीव्हरचं छोटं चित्र काढायच्या. आणि मग थांबायच्या. उत्तर आलं की त्या तारखेवर बरोबरची खूण.

उत्तर आलं म्हणून कोणी पास व्हायचं नाही. चेहऱ्याचा योग शिकवणाऱ्या एका बाईंचं उत्तर दोन मिनिटांत आलं: 'हो हो, नक्की जमेल, आजच घ्या, सवलत संपतेय!' मावशींनी फुली मारली. "हिने वय वाचलंच नाही. यंत्र आहे." ज्योतिषाच्या सॉफ्टवेअरवाल्याला त्यांनी उलट विचारलं, की माझ्या मेलला तुम्ही कधी उत्तर द्याल ते तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये बघून सांगा. त्याचं उत्तर आलंच नाही. एक जण 'हॅलो फ्रेंड' म्हणून रोज नवा मेल धाडायचा. मावशींनी त्याला चार दिवस 'बोला' असं उत्तर पाठवलं आणि मग नाद सोडला.

जो या परीक्षेत पास होईल त्याचा कोर्स त्या स्वतःच्या पैशाने घ्यायच्या आणि दोन दिवसांत परत करायच्या. परत करताना तो माणूस गोड बोलला की पुन्हा घ्यायच्या! मी कपाळाला हात लावला. "मावशी, असं कोण करतं?"

"चपला घेताना पाय घालून, काढून, पुन्हा घालून बघतोस ना? मग!"

आणखी एक अट होती. शिकवणाऱ्याचं बोलणं खाली अक्षरांत उमटायला हवं. अक्षरं नसली तर कोर्स कितीही चांगला असो, नापास. मी विचारलं, हे कशासाठी? म्हणाल्या, "एखाद्याची लाइन खराब असली तर?" मी हसलो.

वर्षभरात त्यांच्या परीक्षेत पाच-सहा जण पास झाले. त्यातला लाडका होता कोल्हापूरकडचा एक मास्तर. गच्चीवर भाजी कशी लावायची याचा त्याचा कोर्स होता. त्याने दोन दिवसांनी उत्तर पाठवलं होतं: 'आजी, खरं सांगू का, कुंड्या उचलायचं तुम्हाला जड जाईल. आधी फुकटचे दोन धडे बघा. पटलं तरच घ्या. गच्चीपर्यंत लिफ्ट आहे का?' मावशी तो मेल घेऊन आमच्याकडे आल्या आणि त्यांनी तो आईला दोनदा वाचून दाखवला. "लिफ्टचं विचारलं बघा! मागे माणूस आहे!"

निवृत्त ऑपरेटर बायकांचा त्यांचा एक ग्रुप होता, त्यात बहिणी, भाच्या, शेजारणी अशी भर पडून शे-दीडशे जणी झालेल्या. तिथे मावशी लिहायच्या: 'जोडून देत आहे. गच्चीवरची भाजी. मास्तर फार वेळा बरं का म्हणतो, तेवढं सोडून द्यावे. तिसरा धडा कंटाळवाणा आहे. माणूस चांगला.' अशी जाहिरात मी जन्मात पाहिली नव्हती. आणि तिच्यावर पटापट कोर्स खपायचे! माझ्या वेबसाइटवर रडवणारी पानं, लाल बटणं, उलटं धावणारं घड्याळ, सगळं असूनही जे होत नव्हतं, ते मावशींच्या चार ओळींनी व्हायचं. कमिशन अगदी किरकोळ होतं, पण त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नव्हतं.

इथून पुढचं सांगायला मला जड जातं.

माझा धंदा बसायला लागला होता. लोकांना आता काही शोधायचं असलं तरी माझ्या वेबसाइटपर्यंत यायची गरज उरली नव्हती. शोधलं की यंत्रच त्यांना वरच्या वर उत्तर द्यायचं. दुसऱ्याचं विकण्यापेक्षा आपलंच काहीतरी करावं म्हणून मी कोर्स काढला. 'एकवीस दिवसांत घरबसल्या कमाई.' कपाटासमोर खुर्ची टाकून दोन दिवसांत उरकला. मागे पंख्याची घरघर आहे, चौथ्या धड्यात आईने विचारलेलं ऐकू येतं की डाळीत कोकम घालू का. खाली अक्षरं नव्हती. प्रश्नांसाठी एक मेलचा पत्ता ठेवला, आणि त्याला आपोआप उत्तर धाडणारं यंत्र लावलं. गिऱ्हाइकाशी बोलत बसलो तर विकायचं कधी, हे मीच माझ्या धड्यात शिकवलं होतं.

माझी सगळी भिस्त मावशींवर होती. त्यांनी ग्रुपवर चार ओळी टाकल्या की माझी गाडी रुळावर येणार. मी लिंक दिली, त्या म्हणाल्या, "बघते हं." चार दिवस गेले, पाच गेले. सहाव्या दिवशी मी त्यांच्या दाराची घंटा वाजवली.

"बोला! अरे, तू होय. बोल."

"मावशी, माझा कोर्स टाकताय ना ग्रुपवर?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या तोंडाकडे. मग म्हणाल्या, "तुझ्याकडे काही निरोप आलाय का रे?"

"कसला निरोप?"

"आला नाही?"

"नाही ओ. कोणाचा?"

"मग राहू दे," त्या म्हणाल्या. "मी नाही जोडून देणार."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "त्या कोल्हापूरच्याला जोडता, आणि मी समोरच्या दारातला, मला नाही? काय खोट आहे ते तरी सांगा!"

"लाइन खराब आहे, नितीन."

हे ऐकलं आणि मी बोलून गेलो. तोंड दुसरीकडे वळवून बोललो, पण बोललो. "तुम्हाला काही विकायचंच नाहीये, मावशी. तुमच्याशी बोलायला कोणी नाही. म्हणून जगभरच्या लोकांना मेल टाकायचे आणि उत्तराची वाट बघत बसायचं. तेवढाच विरंगुळा."

"होल्ड कर हं," म्हणाल्या, आणि दार हळूच लावून घेतलं. मी पाच मिनिटं उभा होतो. त्या परत आल्या नाहीत.

त्यानंतर आमचं बोलणं जिन्यातल्या मान हलवण्यापुरतं उरलं. त्यांच्या कॅलेंडरवरची रिसीव्हरची चित्रंही थांबली, असं आईने सांगितलं. तेवढ्यात आमची बिल्डिंग पाडायची ठरली. नवी उभी राहीपर्यंत जो तो भाड्याच्या जागेत पांगला. आम्ही जोगेश्वरीतच दोन गल्ल्या सोडून जागा घेतली; मावशी घाटकोपरला, भावाच्या मुलीकडे, प्रेरणाकडे गेल्या. सामान खाली जात असताना मी दारात गेलो. भिंती उघड्या पडल्या होत्या, फक्त घंटा जागेवर होती. "फोन करतो, मावशी," मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली. मी फोन केला नाही. आज करू, उद्या करू, आणि मुळात काय बोलणार होतो?

माझा कोर्स थोडा चालला आणि मग थंडावला. गेल्या महिन्यात मी तो बंद करून टाकायचं ठरवलं. प्रश्नांचा तो मेलचा पत्ताही बंद करायचा होता, म्हणून एका दुपारी जेवण झाल्यावर पहिल्यांदाच उघडून बसलो. न वाचलेल्या मेलची रांगच रांग. त्यात चौदा महिन्यांपूर्वीचे तीन मेल एकाखाली एक होते.

पहिला ओळखीचा. 'नमस्कार. मी एकाहत्तर वर्षांची बाई आहे. मला जमेल का?' दोन दिवसांनी तोच पुन्हा. आणि त्यानंतर तिसरा.

'नितीन, मी शकूमावशी. आधीचे दोन प्रश्न परीक्षेचे होते, ते सोड. हा खरा आहे. तुझा कोर्स मी घेतला. त्याला खाली अक्षरं नाहीत. मला आता ऐकू येत नाही रे. उजवा कान बोर्डावर असतानाच गेला, डावाही या दोन वर्षांत गेला. समोर माणूस असला की ओठ बघून भागवते, पण तू दाढी वाढवलीस. बिल्डिंगमध्ये कोणाला सांगू नकोस. ऑपरेटर बहिरी झाली म्हणतील. दारात विचारलं असतं, पण तू मोठ्याने बोलशील आणि मजल्याला कळेल. म्हणून लिहिते. अक्षरं घालशील का? घातलीस की सगळ्यांना जोडून देते. घाई नाही. मागे तू आहेस ना?'

त्याच्या खाली माझं उत्तर होतं. 'प्रिय शकुंतला, तुमचा प्रश्न आमच्यासाठी मोलाचा आहे. आमची टीम चोवीस तासांत तुमच्याशी संपर्क साधेल. तोवर आमच्या पुढच्या कोर्सवर एक नजर टाका!' टीम म्हणजे मी.

शाळेची घंटा, माझ्या तोंडाकडे टक लावून बघणं, 'पुन्हा सांगा', खालची अक्षरं, सगळं एकदम उलगडलं. एवढी वर्षं दोन हातांवर राहून मला कळलं नव्हतं. फोनवर जगलेल्या बाईला फोनच उरला नव्हता. लिहिलेलं उत्तर तेवढं तिच्यापर्यंत पोचू शकत होतं. आणि मी त्याला विरंगुळा म्हणालो. तोंड वळवून बोललो होतो, वर दाढी होती, म्हणजे त्यांना कळलं नसेल, अशी मी स्वतःची समजूत घालतो. पण मग दार का लावलं? विचारायची माझी हिंमत नाही.

मी विचार न करता त्यांना फोन लावला. ऐकू येणार नाही हे नुकतंच वाचलेलं असून लावला. फोन हातातच असावा, थरथर कळली असेल. दुसऱ्या रिंगला आवाज आला.

"बोला!"

"मावशी, मी नितीन."

"बोला. आवाज येत नाहीये."

"नितीन! जोगेश्वरीचा!" मी एवढ्याने ओरडलो की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"लाइन खराब आहे. कोण आहे? मागे माणूस आहे का?"

"आहे, मावशी! आहे!"

"ठेवू नका हं," त्या अगदी बोर्डावरच्या आवाजात म्हणाल्या. "मी ठेवत नाही. सावकाश बोला."

मी फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि त्यांच्या तिसऱ्या मेलच्या खाली लिहिलं: 'आहे, मावशी. मागे मीच आहे. माझं चुकलं. अक्षरं घालतो. नितीन.' आणि पाठवून दिलं. बाकी काय लिहिणार होतो?

पलीकडून "काहीतरी आलंय वाटतं," असं पुटपुटणं. चष्म्याच्या डबीचा टक् असा आवाज. आणि मग त्या एकेक शब्द मोठ्याने वाचायला लागल्या. "आहे, मावशी. मागे... मीच..." पुढचं त्यांनी मनात वाचलं. मी शिव्या खायच्या तयारीने थांबलो होतो. तीन रिंगांचा नियम जिने पाळला, तिला मी चौदा महिने लावले होते.

शिव्या आल्या नाहीत. फोनपासून लांब, आतल्या खोलीकडे तोंड करून मावशी ओरडल्या, "प्रेरणा! अगं ये बघ, उत्तर आलं!"

मग पावलांचा आवाज, खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि फोन पुन्हा कानाशी.

"हां, जोडलं," त्या म्हणाल्या. "बोल, नितीन."

त्यांना एक अक्षरही ऐकू जाणार नव्हतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. मी बोलत राहिलो, आणि त्यांनी फोन ठेवला नाही.